तिच्या वाट्याची घरं

तिला पहिल्याच आठवड्यात फागलांची भाजी मिळाली आणि मला नुसता चहा. तिथूनच सांगायला घेते, कारण माझा जळफळाट तिथूनच सुरू झाला.

फागलं म्हणजे पावसाळ्यात आमच्या रानात वेलावर धरणारी काटेरी हिरवी फळं, कारल्याच्या भावकीतली, पण कडू नसलेली. बाजारात ती महाग असतात, आणि हंगामातली पहिली फागलं घरच्यांच्याच ताटात जातात. ती मुलगी वर्ध्याकडची. आमच्याकडे येऊन जेमतेम सहा दिवस झालेले. तिला फागलं हा शब्द माहीत नव्हता, आणि पलीकडच्या वाडीतल्या एका आजीने तिला ती परतून, वर खोबरं घालून, डब्यात भरून दिली. 'तू पण खा ना,' म्हणून तिने डबा माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, माझं पोट बरं नाही. पोटात दुखतच होतं, फक्त कारण वेगळं होतं.

आम्ही दोघी सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. एकाच सरांच्या हाताखाली, प्रबंधासाठी एकच विषय दोघींत वाटून घेतलेला. भातलावणीच्या दिवसांत आमच्या भागात लेप्टोचा ताप येतो. उंदरांच्या, गुरांच्या मुतातून जंतू शेतातल्या पाण्यात उतरतात आणि पायाच्या भेगांमधून माणसाच्या अंगात शिरतात. वेळेवर कळलं तर औषधाने माणूस उठतो. उशीर झाला तर मूत्रपिंडं जातात, कधी माणूसही जातो. म्हणून लावणीच्या हंगामात आठवड्याला एक प्रतिबंधक गोळी घरोघर दिली जाते. दिली जाते एवढं वहीत लिहिलेलं असतं. लोक ती खरोखर घेतात की नाही, हा आमचा प्रश्न होता.

या अभ्यासाचा पुढचा टप्पा होणार होता, आणि त्यासाठी तालुक्यातच राहून काम बघणारं एक पद निघणार होतं. जिचं घरोघरचं काम चोख ठरेल तिला ते मिळेल, असं सरांनी दोघींना एकदमच सांगितलं. मला ते हवं होतं. शिकायला बाहेर पडले त्या दिवसापासून मला परत यायचं होतं, आणि शिकलेल्या मुलीने परत यायचं तर आमच्याकडे तसं ठोस कारण लागतं. नाहीतर लोक विचारतात, काय झालं, नोकरी नाही लागली?

आमचं गाव धामापूरच्या तळ्यापासून फार लांब नाही. गावाच्या मधून व्हाळ, म्हणजे ओढा, जातो. व्हाळाच्या अलीकडच्या वाड्या मी मागून घेतल्या, पलीकडच्या तिच्या वाट्याला गेल्या. भाषा माझी, माणसं माझी, असं मी सरांना ठासून सांगितलं होतं. शिवाय माझी आईच गावची आशा सेविका. व्हाळाच्या दोन्ही अंगांना गोळ्या तीच वाटते. सर यावर म्हणाले, 'म्हणूनच आशाताईंच्या मुलाखती तू घ्यायच्या नाहीत.' आजूबाजूच्या गावांतल्या चार-पाच आशांच्या मुलाखती तिच्याकडे गेल्या, त्यात माझी आईही आली. मला त्याचं काहीच वाटलं नाही. आई तिला काय सांगणार होती?

तर कामाला सुरुवात झाली. मी झपाट्याने घरं उरकत होते. अंगणात पाय ठेवला की आतून प्रश्न यायचा, "कोणाचा चेडू गो तू?" मी आईचं नाव सांगायची. लगेच बसायला पाट, लगेच चहा. मी कागद काढायची, आणि मी प्रश्न संपवायच्या आधी उत्तर हजर. "घेतलंव गो. आमी सगळीच घेतंव. तुझी आवस दर आयतवारी हाडून देता. लिव तू." मी लिहायची. दिवसाला बारा-पंधरा घरं सहज व्हायची.

तिची पाच व्हायची नाहीत. नारिंगी रेनकोट घालून ती व्हाळाच्या साकवावरून पलीकडे जायची आणि तिकडेच हरवायची. लोक मालवणीत बोलायला लागले की ही म्हणायची, "आजी, मले नाही समजलं, परत सांग ना." तिचं ते 'मले' ऐकून बायका हसून हसून लोळायच्या. मग परत सांगायच्या, सावकाश, हातवारे करून. ही व्हाळ म्हणजे काय विचारायची, तरवा म्हणजे कसली रोपं ते विचारायची. एका घरात लावणी अडली होती तर ही साडीचा कासोटा मारल्यासारखी पँट दुमडून चिखलात उतरली आणि तिने दोन तास वाकडीतिकडी लावणी केली. ती लावलेली ओळ बायकांनी उपटून पुन्हा लावली, पण हिला मात्र दुपारचं जेवायला ठेवून घेतलं. हे सगळं मला आमच्याच वाडीतल्या बायका कौतुकाने सांगत. "बरा चेडू आसा हां ता," म्हणत. मी 'हो का' म्हणायचे आणि पुढचं घर गाठायचे.

आईसुद्धा तिच्यावर खूष होती. मुलाखत झाली त्या संध्याकाळी मी मुद्दाम घरी जाऊन विचारलं, "काय विचारल्यान?" आई भाकरी थापत होती. म्हणाली, "असाच. कामाचा." एवढंच. वर म्हणाली, "त्या पोरीक रवाक बोलाव एक दिवस." माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पोरीला राहायला बोलवायची काही गरज नव्हती, तिची जवळच कसालला भाड्याची चांगली खोली होती. मीही तिथेच तिच्या शेजारच्या खोलीत असायचे, कारण अभ्यासाचं सगळं सामान तिथे होतं.

महिनाभराने दोघींचे कागद सरांकडे गेले आणि सरांनी फोन केला. माझ्या घरांतली जवळजवळ सगळी माणसं गोळी घेत होती. तिच्या घरांतली निम्म्याहून अधिक घेत नव्हती. एक गाव, एक आशा, एकच गोळी, मध्ये एक व्हाळ. "असं कसं?" सरांनी विचारलं.

मी उत्तर तयारच ठेवलं होतं. म्हटलं, सर, तिला भाषा कळत नाही. लोक तिची चेष्टा करतात, आणि ती तेही लिहून घेते. ती शेजारीच उभी होती. रागावली नाही. "असूही शकते," म्हणाली. तिने भांडायला हवं होतं. भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

सरांनी फेरतपासणी सांगितली. माझ्या काही घरांत ती जाणार, तिच्या काही घरांत मी, तोच कागद, तेच प्रश्न. मी दुसऱ्याच दिवशी साकव ओलांडला. मला तिची चूक पकडायची होती, हे मी मान्य करते. असा उत्साह मला परीक्षेच्या अभ्यासातही कधी आला नव्हता.

पहिलंच घर फागलंवाल्या आजीचं. तिच्या कागदावर या आजीच्या नावापुढे स्पष्ट 'नाही' होतं, एकही गोळी घेतली नाही म्हणून. आजीने मला न्याहाळलं, कोणाची ते विचारलं, मी सांगितलं. म्हातारी खुलली. "तुझी आवस म्हणजे आमचो देव गो बाय." मी प्रश्न विचारला. "घेतंय तर! दर आयतवारी, जेवल्यार." मी 'हो'वर खूण केली. पुढच्या घरातही तेच, त्याच्या पुढच्याही. जिथे तिने 'नाही' लिहिलं होतं तिथे मला 'हो' मिळत गेला. संध्याकाळी साकवावरून परतताना मी जवळजवळ गात होते. बिचारीला एवढं फिरून एक धड उत्तर मिळालं नाही, असं मनात म्हणत होते, आणि त्या 'बिचारी'त दयेचा अंशही नव्हता.

तिने माझ्या घरांमधून आणलेले कागद त्याच वेळी उलटे येत होते. माझ्या 'हो'च्या जागी तिला 'नाही' मिळत होता. कसालच्या नाक्यावर चहा पिताना ती म्हणाली, "लोक आपल्याला वेगवेगळं सांगून राहिले." मी म्हटलं, "आपल्याला नाही. तुला." आणि तिचा चहा संपायची वाट न बघता निघाले.

आजीच्या संमतीपत्रावर अंगठा घ्यायचा राहिला होता. दोन दिवसांनी मी त्यासाठी पुन्हा गेले. आजी पडवीत बसली होती. माझ्याशी बोलता बोलता तिने मिसरी लावायला डबा उघडला. डब्यात मिसरीच्या पुडीखाली गोळ्यांची पाकिटं होती. हंगामातला एकही रविवार चुकलेला नव्हता. सगळ्या गोळ्या जशाच्या तशा होत्या.

"आजी, ह्या काय?"

म्हातारी गडबडली नाही. मिसरी लावून झाल्यावर म्हणाली, "ता माका सोसना नाय गो. पोटात आग पडता."

"मगे माका घेतंय म्हणान कित्या सांगलंस?"

"तुका कसा सांगू? तुझी आवस पावसापाण्यात दारात येता. माझा 'नाय' तुझ्या कागदार गेला तर बालंट तिच्यार येतला."

"आणि तिका सांगलंस ता?"

"ती काय, लिवन घेतली नि आपल्या गावाक जातली. तू हयच रवतलंस."

मी अंगठा घेतला. शाईचं बोट पुसायला तिला कागद दिला. फेरतपासणीचा आजीचा कागद माझ्या पिशवीतच होता, 'हो'वर खूण असलेला. तो बदलावा की नाही हे माझ्याशिवाय कोणी मला विचारणार नव्हतं. मी तो बदलला नाही. आजी कोणाजवळ बोलणार नव्हती, गाव बोलणार नव्हतं, आणि लोक वर्ध्याच्या मुलीची चेष्टा करतात हे माझं म्हणणं कागदावर पक्कं दिसत होतं. पद मला मिळालं असतं. दोन-तीन दिवस मी हे सगळं पोटात ठेवून नीट जेवले, नीट झोपले, आणि तिच्याशी नेहमीपेक्षा गोड बोलले.

मग मुलाखतींचा गठ्ठा आला. एकीने घेतलेली मुलाखत दुसरीने वाचून तिच्यात समासात खुणा करायच्या, म्हणजे एकीच्या मताचा रंग चढू नये, अशी पद्धत होती. नावं काढून नुसते क्रमांक घातलेले. आशाताईंच्या मुलाखती माझ्याकडे वाचायला पाठवताना माझी आईही त्यांत आहे हे सर विसरले असावेत. मला मात्र ते आठवायला हवं होतं. दुपारी खोलीत बसून मी एकामागून एक वाचत गेले. चौथी मुलाखत प्रमाण मराठीत होती, आमची माणसं बाहेरच्या माणसाशी बोलतात तशी जपून. त्यामुळे पहिल्या दोन पानांत मला ओळख पटली नाही.

आशाताई सांगत होत्या की गोळी समोर घ्या म्हटलं तर लोक तोंडात टाकतात आणि आपण पाठ फिरवली की काढून ठेवतात. आपल्याला ते ठाऊक असतं. तरी आपण वहीत 'घेतली' लिहितो, कारण नाही लिहिलं तर वरून विचारणा होते, त्या घरावर माणसं येतात, आणि पुढच्या रविवारी त्याच दारात आपल्यालाच उभं राहायचं असतं. मी समासात खुणा करत होते. पुढे तिचा प्रश्न होता, तुम्ही स्वतः घेता का?

'नाही. मला मळमळतं. लावणी अर्धी टाकून निजणार कोण? मागच्या लावणीत मला ताप आला. पोटऱ्या इतक्या दुखायच्या की उभं राहता येईना, डोळे लाल झाले. शेजारणीने रिक्षात घालून नेलं. पाच दिवस दवाखान्यात होते. वहीत माझ्या घरापुढे मीच "घेतली" लिहिलेलं. मग कोणाला तोंड दाखवू? वाडीतल्या लोकांनी कुठे बोलणं काढलं नाही, एवढे उपकार. मुलीची तेव्हा परीक्षा होती. तिला सांगितलं, कुणकेश्वरला बहिणीकडे आले आहे, इथे फोन नीट लागत नाही.'

इथे थांबायला हवं होतं. नियम तोच होता, ओळख पटली की कागद बाजूला ठेवायचा. मी थांबले नाही. मला तो फोन आठवत होता. मी पहिल्या वर्षाच्या परीक्षेने वैतागलेली होते, आणि ऐन लावणीत आई बहिणीकडे जाऊन समुद्रावर बसली आहे म्हणून मी तिच्यावर डाफरले होते. 'तुझी मजा आहे,' म्हणाले होते. ती म्हणाली होती, होय गो, मजाच.

मुलाखतीतला तिचा शेवटचा प्रश्न होता, मुलीला आता तरी सांगाल का?

'नको. ती रागीट आहे. आधी ओरडेल, मग मलाच समजावत बसेल. तुम्ही ऐकून घेता, म्हणून बोलले.'

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला आईची काळजी वाटली नाही. पहिल्यांदा मनात आलं ते एवढंच, की हिला सांगितलं. व्हाळ म्हणजे काय ते न कळणाऱ्या मुलीला सांगितलं. माझी आई मरता मरता वाचली हे आमच्या वाडीत प्रत्येक घराला ठाऊक होतं, त्याच घरांमध्ये मी रुबाबात कागद घेऊन फिरत होते, चहा पीत होते, आणि त्या सगळ्यांनी मला पोटाशी धरून खोटं सांगितलं होतं. काळजी त्यानंतर आली. तेव्हा कागद ओला व्हायला लागला म्हणून मी तो लांब सरकवला.

संध्याकाळी ती खोलीवर आली तेव्हा मी तिच्यावर तुटून पडले. म्हटलं, तू मला सांगायला हवं होतंस. तिने माझ्या समोरचे कागद बघितले आणि तिला कळलं. ती दाराशीच बसली. "नाही सांगता येत," म्हणाली. "तुलेही माहीत आहे." मला माहीत होतं. मुलाखत देणाऱ्याला आपण शब्द देतो, आणि तो शब्द त्याच्या मुलीच्या बाबतीतही तसाच लागू असतो. मी जे वाचलं ते मी अभ्यासक म्हणून वाचलं होतं. आईजवळ जाऊन मी त्यातलं अवाक्षर काढू शकत नव्हते. काढलं असतं तर तिने या मुलीवर टाकलेला भरवसा मीच मोडला असता. शिवाय मी ओरडलेच असते, आणि मग समजावत बसले असते.

तिला मी आणखी दोन-तीन बोचरी वाक्यं ऐकवली. ती सगळं ऐकून घेत राहिली, आणि आई कशाला भुलली ते मला तेव्हा समजलं. त्याचाही रागच आला.

दुसऱ्या दिवशी मी सरांना फोन केला. मिसरीच्या डब्याचं सांगितलं. आजीच्या घरी 'हो' मिळाला तो माझ्या आईसाठी मिळाला, आणि माझ्या सगळ्या घरांत तसंच झालं असणार, हेही सांगितलं. चौथी मुलाखत माझ्याकडे यायला नको होती आणि ती मी शेवटपर्यंत वाचली, हेसुद्धा सांगितलं. सर म्हणाले, "गठ्ठा पाठवताना मीही बघायला हवं होतं." तुझी घरं रद्द धरू, ती पुन्हा करेल, असंही म्हणाले. पदाचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. ते आता कोणाला जाणार हे दोघांनाही कळत होतं. कागद तपासायला, घरं दाखवायला मी तिच्याबरोबर जायचं, एवढं काम मला उरलं.

म्हणजे माझ्याच वाडीत मी तिला वाट दाखवत फिरले. प्रत्येक दारात लोक आधी माझ्याकडे बघायचे. मग मी बाहेर थांबायचे आणि ती आत जायची. आता त्या घरांतही तिला वेळ लागायला लागला. एका घरातून ती फागलं घेऊन बाहेर आली. मला विचारून माझ्या पिशवीत निम्मी टाकली. मी ती घरी नेऊन खाल्ली.

आमचं घर यादीत होतंच. पहिल्या खेपेला त्याचा कागद मी कोणालाही न विचारता, खोलीवर बसून, स्वतःच भरला होता. सगळ्यांपुढे 'हो'.

आई पडवीत तांदूळ निवडत होती. आम्हा दोघींना बघून उठली. तिने तिला पाट दिला आणि मला म्हणाली, "बस गो तू पण."

"माका बसाक गावाचा नाय. नियम आसा, ऐकाक येयत असा दुसरा कोण जवळ नको."

"आपल्याच घरात?"

"व्हय."

आईने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग सूप मांडीवर घेतलं. मी अंगणात उतरून पेळ्यावर जाऊन बसले. पेळा म्हणजे अंगणाच्या कडेचा मातीचा कठडा, पडवीपासून दहा पावलांवर. पाऊस थांबलेला होता. तिचा प्रश्न मला ऐकू आला, शब्दन् शब्द. मला तो तोंडपाठ होता. गेल्या रविवारची गोळी तुम्ही घेतली का?

सुपातल्या तांदळाचा आवाज थांबला. मी आईकडे पाठ करून बसले होते, पण ती माझ्या पाठीकडे बघते आहे हे मला कळत होतं. मी तिथे असेपर्यंत ती 'घेतली' असंच म्हणेल, हेही कळत होतं, आणि कागदावर पुन्हा एकदा 'हो' पडेल. मला ऐकायचं होतं. आयुष्यात कशाचा एवढा हेवा वाटला नसेल तेवढा मला त्या पाटावर बसलेल्या मुलीचा त्या क्षणी वाटला. मी उठले, आणि मागे न बघता विहिरीपलीकडे, काजूंच्या खाली, काहीही ऐकू येणार नाही एवढ्या लांब जाऊन उभी राहिले.

तिथून मला फक्त आईचे हात दिसत होते. ती बराच वेळ बोलत होती.